नामांतर नव्हे, नामविस्तार : शिकागोच्या पहिल्या रहिवाशाची पाटी

२५ जून २०२१ रोजी शिकागोच्या नगर परिषदेत एका रस्त्याच्या नावावर मतदान झालं. बाजूने ३३ मतं, विरोधात १५. मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने जाणारा लेक शोअर ड्राइव्ह हा त्या शहराचा मिरवण्याचा रस्ता. आपल्या मुंबईला मरीन ड्राइव्ह जसा, तसा. त्या रस्त्याला एका कृष्णवर्णीय माणसाचं नाव द्यावं, त्याला नुसतं 'डुसाबल ड्राइव्ह' म्हणावं, अशी मूळ मागणी होती. महापौर लोरी लाइटफूट यांचा तिला विरोध होता, आणि त्या स्वतः कृष्णवर्णीय. हा रस्ता जगात या नावाने ओळखला जातो, ओळख पुसू नका, असं त्यांचं म्हणणं. पर्याय म्हणून त्यांनी नदीकाठी स्मारक, बाग, पुतळे अशी मोठी योजना पुढे केली. मागणी करणारे हटले नाहीत. शेवटी तडजोड झाली : जुनं नाव तसंच राहील, नवं नाव त्याच्या आधी लागेल. म्हणून आज त्या रस्त्याचं नाव आहे 'ज्याँ बाप्तिस्त प्वाँ डुसाबल लेक शोअर ड्राइव्ह'.

हे वाचल्यावर मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे या प्रकाराला शब्द आहे : नामविस्तार. मागणी नामांतराची होती, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठरावही केला होता. त्यानंतर गावोगाव आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, जे हाती आलं ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. जुनं नाव शेपटाला ठेवून. महाराष्ट्राबाहेर हा स्तंभ वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगणं भाग आहे, कारण नावाला जोडलेल्या एका शब्दामागे किती रक्त असतं हे त्या लांबलचक नावावरून कळत नाही. शिकागोत रस्त्याच्या नावासाठी कुणाचं घर जाळलं गेलं नाही. तुलना तिथवर नेऊ नये. पण युक्तिवाद शब्दशः तेच होते. आमच्या भावना त्या नावाशी जोडलेल्या आहेत. खर्च केवढा येईल. पत्ते बदलावे लागतील. माणूस मोठा होता, कबूल आहे, पण त्याच्यासाठी दुसरं काहीतरी करा, दुसरीकडे करा.

आता हा डुसाबल कोण? मिशिगन सरोवराला शिकागो नदी जिथे मिळते, तिच्या उत्तर काठावर अठराव्या शतकाच्या अखेरीस घर, गोठा, चक्की बांधून राहिलेला व्यापारी. जन्म कुठे आणि कधी झाला याचा कागद उपलब्ध नाही. हैतीचा असावा अशी परंपरा आहे आणि हैतीचे लोक त्याला आपला मानतात. १७७९ साली, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, ब्रिटिशांनी त्याला संशयावरून पकडून मिशिलिमॅकिनॅकच्या किल्ल्यावर नेलं. तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्याबद्दल लिहून ठेवलं ते असं की, हा देखणा, चांगला शिकलेला, एशिकागोला स्थायिक झालेला निग्रो आहे. 'शिकलेला' हा शब्द अधिकाऱ्याला मुद्दाम लिहावासा वाटला, याची मला गंमत वाटते. आपल्यापैकी किती जणांच्या ओळखीत तो शब्द असाच अधोरेखित होऊन येतो!

त्याची बायको पोटावाटोमी जमातीची, तिचं नाव कितिहावा. तिला कॅथरीन असंही म्हणत. १७८८ मध्ये कहोकिया इथे ख्रिस्ती विधीने त्यांच्या लग्नावर शिक्कामोर्तब झालं. मुलगा ज्याँ, मुलगी सुझान. १७९० मध्ये ह्यू ह्यूअर्ड नावाचा प्रवासी तिथून गेला, त्याच्या रोजनिशीत नोंद आहे की त्याने डुसाबलकडून पीठ, पाव आणि डुकराचं मांस घेतलं आणि बदल्यात कापड दिलं. म्हणजे तिथे दळण होत होतं, भट्टी पेटत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिधा मिळत होता. शहर याहून वेगळ्या कशाने सुरू होतं, मला माहीत नाही.

१८०० साली डुसाबलने हे सगळं सहा हजार लिव्हरांना विकलं. घेणारा ज्याँ ला लाइम. व्यवहाराला साक्षीदार होता जॉन किन्झी नावाचा गोरा व्यापारी. चार वर्षांनी, १८०४ मध्ये, तोच किन्झी त्या घरात राहायला आला. पुढे १८१२ मध्ये ला लाइम आणि किन्झी यांची झटापट झाली आणि किन्झीच्या हातून ला लाइम मेला. किन्झीच्या घरी गुलाम होते, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

आणि पुढची शंभरेक वर्षं शिकागोचा पहिला रहिवासी कोण, तर जॉन किन्झी!

हे कसं घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण यात कुणी कागद जाळला नाही की शिलालेख फोडला नाही. किन्झीची सून ज्युलिएट हिने १८५६ मध्ये 'वॉ-बन' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात सासरच्या घराण्याच्या आठवणी, त्या घराचं वर्णन, किल्ल्यावरच्या लढाईची हकिगत. लेखणी तिच्या हाती होती, छापखाना ओळखीचा होता, वाचणारा वर्ग आपला होता. डुसाबल त्या पुस्तकात येतो तो ओझरता, आधी कधीतरी इथे असलेला कुणी एक. पुढच्यांनी इतिहास लिहिला तो या पुस्तकावरून. मग शाळेची पुस्तकं त्या इतिहासावरून. पाटी लावणाऱ्यांनी शाळेची पुस्तकं वाचलेली. एका घराण्याची घरगुती गोष्ट अशा तऱ्हेने शहराचा इतिहास झाली. लबाडी करायचीसुद्धा गरज पडली नाही. ज्याच्याकडे सून लिहिती होती त्याचा इतिहास झाला आणि ज्याचं घर त्याने घेतलं तो 'आधी कधीतरी इथे असलेला' झाला.

१९२८ मध्ये मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाच्या बुरुजांवर दगडी शिल्पं बसवली. त्यातलं एक 'द पायोनियर्स', म्हणजे आद्य वसाहतकार. त्यात रानातून लोकांना वाट दाखवत पुढे निघालेला आहे तो किन्झी. डुसाबलचं घर होतं तिथून हे शिल्प हाकेच्या अंतरावर. २०१० मध्ये त्याच पुलाला डुसाबलचं नाव मिळालं. शिल्प तिथेच आहे. म्हणजे आज पुलाचं नाव डुसाबल आणि पुलावर कोरलेला आद्य पुरुष किन्झी. नाव देणं आणि दगड बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पुलावर उभं राहून कुणालाही शिकता येईल.

डुसाबल परत आला तो दोन वाटांनी. एक वाट कागदाची. १९१३ मध्ये डेट्रॉइटच्या दप्तरात ते १८०० सालचं विक्रीपत्र सापडलं. त्यात मालमत्तेची यादी होती. घर, बावीस फूट बाय चाळीस फूट, लाकडी ओंडक्यांचं. दोन कोठारं. घोड्याने फिरवायची चक्की. पावाची भट्टी. दुधाचं कोठार, कोंबड्यांचं खुराडं, मांस धुरावण्याची खोली. आतलं चांगलं फर्निचर आणि भिंतीवरची चित्रंसुद्धा. म्हणजे 'कुणीतरी आला आणि गेला' या कथेला एका खरेदीखताने उत्तर दिलं. ज्याची चक्की आहे, भट्टी आहे, भिंतीवर चित्रं आहेत, तो वाटसरू नव्हता.

हा कागदाचा भाग मला जास्त जवळचा वाटतो आणि त्याचं कारण आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या फाइलमध्ये आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी तारीख ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी तुमचे लोक इथे राहत होते आणि अमुक जातीचे म्हणून ओळखले जात होते, हे दाखवा. पणजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. मग कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधा. माझ्या वडिलांनी माझ्या फाइलसाठी तहसिलीच्या रेकॉर्ड रूमच्या चकरा मारल्या, तेव्हा शेवटी हाती लागली ती आजोबांच्या एका बहिणीच्या मृत्यूची नोंद. ती लहानपणीच गेली होती आणि तिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. एका मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ते नाव वाचून दिलं. त्या मुलीच्या मरणाच्या नोंदीवर मी इंजिनियरिंगला गेलो. आमचं घर त्या गावात किती पिढ्यांपासून आहे याचा सरकारदरबारी पुरावा तेवढाच.

आता त्याच गावाच्या वेशीवर कमान आहे. तिच्यावर गाव वसवणाऱ्या मूळ पुरुषाचं नाव कोरलंय आणि त्याच्या वंशजांना कुणी १९५० पूर्वीचा पुरावा मागितलेला नाही. कमानीला पुरावा लागत नाही. पुरावा लागतो तो आपल्याला. म्हणून डेट्रॉइटच्या दप्तरातल्या त्या कागदाबद्दल वाचताना मला कोतवाल बुकाचा वास आला.

पण कागद सापडला म्हणून पाटी लागत नाही, ही दुसरी वाट. विक्रीपत्र १९१३ मध्ये सापडलं आणि किन्झीचं शिल्प त्यानंतर पंधरा वर्षांनी बसलं, हे विसरू नका. इतिहासकाराने लेख लिहिला, अभ्यासकांनी वाचला, शहराने काही केलं नाही. केलं ते कृष्णवर्णीय बायकांनी. अ‍ॅनी ऑलिव्हर यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये 'नॅशनल डी सेबल मेमोरियल सोसायटी' स्थापन झाली. १९३३ मध्ये शिकागोला शताब्दीचं मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात शहराची सुरुवात १८०३ साली बांधलेल्या डिअरबॉर्न किल्ल्यापासून दाखवायचं ठरलं होतं. गोऱ्या सैनिकांचा किल्ला हीच सुरुवात. या बायकांनी आणि इतर कृष्णवर्णीय संघटनांनी मागणी लावून धरली की डुसाबलचं घरही तिथे उभं राहिलं पाहिजे. मंदीचे दिवस, लोकांच्या हाताला काम नाही, त्यात हे. तरी घराची प्रतिकृती उभी राहिली. लाखो लोकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्या प्रदर्शनात.

त्यानंतर १९३६ मध्ये शहराच्या दक्षिण भागातल्या, कृष्णवर्णीय वस्तीतल्या नव्या हायस्कूलला डुसाबलचं नाव मिळालं. पुढे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले हॅरॉल्ड वॉशिंग्टन त्याच शाळेत शिकायला होते. त्याच शाळेत मार्गारेट बरोज चित्रकला शिकवत. १९६१ मध्ये त्यांनी नवऱ्याच्या आणि मित्रमंडळींच्या साथीने आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं. १९६८ मध्ये त्याला डुसाबलचं नाव दिलं. आधी शाळा, मग त्या शाळेतली शिक्षिका, मग तिच्या घरातलं संग्रहालय. सरकारी पाट्या आल्या त्या नंतर. १९७६ मध्ये घराच्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा, १९८७ मध्ये टपाल तिकीट, २००९ मध्ये अर्धपुतळा, २०१० मध्ये पूल, २०२१ मध्ये रस्ता. १९२८ ते २०२१, त्र्याण्णव वर्षं. आपल्याकडे पुतळ्यांच्या राजकारणाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आपल्यातही आहेत : पोरं शिकवा, पुतळे कशाला. त्यांना मी एवढंच दाखवीन की या कहाणीत शाळा आणि पाटी एकमेकींच्या आड कुठेच येत नाहीत. पाटीसाठी भांडणाऱ्या बायका आणि फळ्यासमोर उभी राहणारी बाई एकाच वस्तीतल्या होत्या.

शिकागो म्हटलं की भारतीय माणसाला एकच तारीख आठवते, ११ सप्टेंबर १८९३. तिथल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले आणि आज मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला त्यांचं मानद नावही आहे. डुसाबलला रस्ता मिळण्याच्या कितीतरी आधी! परिषद ज्या कोलंबियन प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्या प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांना स्थान दिलेलं नव्हतं. आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी त्याविरुद्ध पुस्तिका छापून वाटली. डग्लस यांना तिथे उभं राहायला जागा मिळाली ती अमेरिकेने दिलेली नव्हती. ते हैतीच्या दालनात, हैतीचे प्रतिनिधी म्हणून बसत. डुसाबलशी जोडल्या गेलेल्या त्याच हैतीच्या. आणि पोटावाटोमींचे सायमन पोकॅगन यांनी बर्च झाडाच्या सालीवर छापलेलं आपल्या लोकांचं गाऱ्हाणं तिथे विकलं. हे सगळं एकाच वर्षी, एकाच प्रदर्शनात. आपल्या पाठ्यपुस्तकात यातलं फक्त एक भाषण आहे. जोतीरावांनी त्याच्या वीस वर्षं आधी, १८७३ मध्ये, 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. शिकागोकडे बघायची ती खिडकी आपल्याकडे आधीपासून आहे.

पोकॅगन यांच्यामुळे मात्र एक अवघड गोष्ट समोर येते आणि ती टाळून हा लेख पुरा करता येणार नाही. डुसाबल पहिला, म्हणजे कुणाच्या आधी?

पाट्यांवरची विशेषणं बघा. किन्झी 'पहिला गोरा रहिवासी'. डुसाबल 'पहिला कायमस्वरूपी, मूलनिवासी नसलेला रहिवासी'. १६७३ मध्ये मार्केट आणि जोलिएट हे फ्रेंच तिथून गेले, ते 'पहिले युरोपीय'. प्रत्येक विशेषण म्हणजे एक कुंपण आहे आणि कुंपण घातल्याशिवाय कुणालाच पहिलं ठरवता येत नाही. कारण त्या नदीकाठी लोक होतेच. शिकागो हे नावच मुळी तिथल्या मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेतलं, रानकांद्याच्या जातीच्या एका रोपट्यावरून आलेलं. ज्या शहराचं नावसुद्धा आधीच्या लोकांनी दिलंय, त्याला वसवणारा कुणी नंतरचा कसा असेल?

आणखी एक. १९३३ च्या त्या प्रदर्शनाचं शतक कुठून मोजलं होतं? १८३३ पासून. त्या साली शिकागोला गावाचा कायदेशीर दर्जा मिळाला, तेव्हा वस्ती साडेतीनशेच्या आसपास होती. त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागोचा करार झाला. पोटावाटोमी आणि त्यांच्या मित्र जमातींनी सुमारे पन्नास लाख एकर जमीन सोडून मिसिसिपीच्या पलीकडे जायचं, असा तो करार. म्हणजे शंभर वर्षांचा उत्सव ज्या वर्षापासून मोजला, ते वर्ष कितिहावाच्या लोकांना घालवल्याचं वर्ष आहे. डुसाबलची प्रतिकृती त्या उत्सवातच उभी होती. आपल्या माणसाला जागा मिळाली, पण ज्या मांडवात मिळाली तो मांडव कुणाच्या अंगणात घातलाय हे विचारणं राहून गेलं.

तरीही मी पाटीच्या बाजूचा आहे. 'वसाहतकाराचं स्मरणच नको, मग तो काळा असो की गोरा' हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मला अर्धाच पटतो. स्मरण नको हे सुचायला डुसाबलची पाळी यावी लागली, किन्झीच्या वेळी कुणाला सुचलं नाही, हे एक कारण. दुसरं असं की डुसाबल आणि किन्झी हे एकाच तराजूत घालायचे नाहीत. फरचा व्यापार दोघांचा, जमीन दोघांचीही नाही, हे खरं. पण एक त्या जमातीत नातं जोडून, तिच्या लेकीचा नवरा म्हणून राहिला, तर दुसऱ्याच्या नावाने पुढे जी शहराची सुरुवात सांगितली गेली, तिच्यात त्या जमातीला फक्त लढाईतला शत्रू म्हणून जागा आहे. त्याच पुलाच्या दुसऱ्या बुरुजावर १८१२ च्या लढाईचं शिल्प आहे, तिथे पाहून घ्या.

आणि कितिहावाचं काय? डुसाबलला त्या नदीकाठी राहता आलं ते ती होती म्हणून. भाषा तिची, सोयरे तिचे, त्या काठावर पाय रोवण्याची मुभा तिच्या माणसांची. पाट्यांवर तिचं नाव आलंच तर नवऱ्याच्या खाली, 'पत्नी' म्हणून येतं. आपल्या समाजातल्या बायकांना हे नवीन नाही. वस्तीच्या विहिरीसाठी माती उपसणाऱ्या बायका किती होत्या आणि विहिरीच्या दगडावर नाव कुणाचं आहे, हे कुठल्याही गावात जाऊन वाचता येतं. मला विचाराल तर शिकागोत खऱ्या अर्थाने वादाची पाटी कितिहावाची आहे आणि तो वाद अजून नगर परिषदेपर्यंत पोचायचाय.

घरातला पहिला पदवीधर असलेल्या आपल्याला 'पहिला' या शब्दाची चटक लवकर लागते. गावातला पहिला डॉक्टर, तालुक्यातला पहिला पीएचडी, समाजातला पहिला आयएएस. सत्काराच्या पत्रिकेवर तो शब्द मोठ्या टायपात असतो. त्यात वाईट काही नाही, हारतुरे घ्यावेत. माझी अडचण वेगळी आहे. डुसाबलला 'पहिला' ठरवण्यासाठी कितिहावाच्या लोकांना मोजणीतून वगळावं लागतं. तसं आपल्याला 'पहिला' म्हणताना कुणाला वगळलं जातं? मोडीतली ती नोंद वाचून देणारा म्हातारा शिकलेला नव्हता का? ज्यांनी रात्रशाळा चालवल्या, समता सैनिक दलात हजेरीवह्या लिहिल्या, ते आपल्या 'पहिल्या पिढी'च्या आधीच्या कुठल्या पिढीचे?

डुसाबल १८१८ मध्ये मिझुरीतल्या सेंट चार्ल्स इथे वारला. दफनाच्या नोंदीत त्याच्या आईवडिलांचा उल्लेख नाही, तो कुठला हेही नाही. कबरीवर खूण नव्हती. दीडशे वर्षांनी, १९६८ मध्ये, तिथल्या दफनभूमीत अंदाजाच्या जागी ग्रॅनाइटचा दगड बसवला गेला. २००२ मध्ये संशोधकांनी तिथे शोध घेतला, तेव्हा खाली त्याचे अवशेष मिळाले नाहीत. दगड आहे, माणूस नाही. नदीकाठच्या त्याच्या घराच्या जागेवर पायोनियर कोर्ट नावाचं फरसबंद आवार आहे. तिथे एका बाजूला त्याचा अर्धपुतळा. २०११ मध्ये त्याच आवाराच्या मधोमध मेरिलिन मन्रोचा उडत्या झग्यातला सव्वीस फुटी पुतळा आणून ठेवला होता आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते. आता तिथे अ‍ॅपलचं दुकान आहे.

याशिवाय एक बाग आहे. १९८७ मध्ये महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी नदीच्या मुखाशी तीनेक एकरांचा तुकडा 'डुसाबल पार्क' म्हणून राखून ठेवला. त्याच वर्षी ते गेले. तो तुकडा तीन दशकांहून अधिक काळ तसाच पडून राहिला. मधे तिथल्या मातीत थोरियम सापडलं, त्या भागात पूर्वी गॅसबत्तीचं मेंटल बनायचं त्याच्या कचऱ्याचं. आजूबाजूला टोलेजंग इमारती उठत गेल्या आणि संस्थापकाच्या नावाची जमीन कुंपणाआड राहिली. रस्त्याला नाव देताना महापौर लाइटफूट यांनी पर्याय म्हणून जी योजना मांडली होती, तिच्यात ही बाग पुरी करण्याचं आश्वासन होतं. म्हणजे चौतीस वर्षं न दिलेली गोष्ट नव्याने देऊ केली गेली, आणि तीही नावाच्या बदल्यात. मागणी करणाऱ्यांनी ती अदलाबदल मानली नाही, हे त्यांचं शहाणपण.

त्या बागेत पाटी लागेल तेव्हा तिच्यावर 'संस्थापक', 'आद्य पुरुष' असलं काही नसलं तरी चालेल, असं माझं मत आहे. विक्रीपत्रातली यादी तशीच्या तशी कोरावी. घर बावीस बाय चाळीस, कोठारं दोन, चक्की, भट्टी, दुधाचं कोठार, खुराडं. वर दोन नावं, कितिहावाचं आधी. खाली किंमत, सहा हजार लिव्हर, आणि साक्षीदार म्हणून जॉन किन्झी. साक्षीदाराच्या जागी त्याचं नाव अगदी योग्य आहे.